माशी ओळखावी शिरांवरून

दक्षिण युक्रेनपासून कझाकस्तानपर्यंत पसरलेला स्टेप म्हणजे पिसासारख्या तुऱ्यांचं गवत आणि दवण्याच्या भाऊबंदांतली कडवट झुडपं. तिथं भर उन्हाळ्यात फुलासमोर जागच्या जागी तरंगणारा पिवळट केसांचा गोळा दिसला की कुणालाही ती मधमाशीच वाटते. पण पंखांची जोडी एकच असेल, मिशा आखूड असतील आणि सरळ पुढे आलेली सोंड न दुमडता तशीच ताठ राहत असेल, तर ती ‘बी फ्लाय’. तिच्या कुळाचं नाव बॉम्बिलिडी, आणि जगभरात त्याच्या साडेचार हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

खरी अडचण इथून पुढे सुरू होते. नजर आधी केसांवर जाते आणि फसवतात तेही केसच. नुकती बाहेर पडलेली माशी सोनेरी दिसते. पुढे उन्हानं रंग उडतो, केस घासून झडतात आणि तीच माशी परकी वाटू लागते. म्हणून पाहायचे ते पंख. लिनियसनं १७५८ मध्ये नाव दिलेली बॉम्बिलियस मेजर सोपी, कारण तिच्या पंखाची पुढची कड गडद तपकिरी असते. शिवाय ती वसंतातली माशी. उन्हाळ्यातल्या, पारदर्शक पंखांच्या माशीसाठी मात्र शिरांमध्येच शिरावं लागतं. पंखाच्या बुडाशी शिरांनी आखलेले दोन लांबट कप्पे असतात. बॉम्बिलियसमध्ये पहिला कप्पा दुसऱ्यापेक्षा लांब असतो. सिस्टिकस आणि अ‍ॅनास्टिकस या प्रजातींत दोन्ही जवळजवळ सारखे.

एवढ्याशा फरकापायी डोळे शिणवायचे, कारण त्यावरून पायाखालच्या जमिनीत काय चाललंय ते कळतं. बॉम्बिलियसच्या अळ्या एकट्यानं राहणाऱ्या मधमाश्यांच्या पिल्लांवर वाढतात. मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या पिशवीत वाळू भरून घेते, अंड्यांना तिचा लेप देते आणि हवेत तरंगतच ती मधमाशीच्या बिळाकडे भिरकावते. अंड्यातून निघालेली चपळ, सडपातळ अळी पिल्लाचा ठाव घेते आणि तिथं पोचल्यावर कात टाकून लठ्ठ, मंद होते. हे रूपांतर मला या साऱ्या कुळातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

सिस्टिकस आणि अ‍ॅनास्टिकसच्या अळ्या टोळ आणि नाकतोड्यांच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर जगतात. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या टोळांनी शेतं फस्त केली, त्या काळात १८८० च्या सुमारास कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांनी अशा अळ्या टोळांची अंडी खाताना नोंदवल्या होत्या. टोळांचं घर असलेल्या स्टेपमध्ये या माश्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

फोटो काढताना म्हणूनच एक बाजूनं घ्यावा, एक वरून, आणि एक फक्त पसरलेल्या पंखाचा. जागा आणि तारीख टिपावी. शिरा दिसत नसतील तर नोंदीत ‘बॉम्बिलिडी’ इतकंच लिहावं. केसांच्या रंगावरून जातीचं नाव ठोकून दिलं, तर पुढं कुणी ती नोंद टोळांच्या अभ्यासाला वापरू शकणार नाही.