बोटीवर चढणे आणि उतरणे

"अरे, त्यात लिहिण्यासारखे काय आहे? बस थांबते, माणसे उतरतात. हडगु थांबते, माणसे उतरतात." हॉस्टेलमधल्या माझ्या मित्राने असा निकाल देऊन टाकला. हडगु म्हणजे कानडीत जहाज. मित्र गदगचा. त्याने समुद्र एकदाच पाहिला आहे, सहलीत, आणि तोही किनाऱ्यावरून. पण खरे सांगायचे तर गेल्या नाताळच्या सुट्टीपर्यंत माझीही समजूत याहून फारशी निराळी नव्हती, आणि मी तर गोव्याचा!

आमचे गाव डिचोली तालुक्यात. तिथे समुद्र नाही, नदी आहे. आणि बोट म्हटली की आम्हांला आठवते ती सारमानसची फेरीबोट. ती धक्क्याला येते, पुढची लोखंडी फळी उतारावर टेकते आणि मोटरसायकली, शाळेची मुले, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया सगळ्या एकदमच बाहेर पडतात. उतरणारे पुरते उतरायच्या आत चढणारे आत शिरलेले असतात. कोणी कोणाला मोजत नाही. हा मोजण्याचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

माझे बाबा पूर्वी खाणीवर टिपर चालवीत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. तेव्हा टिपर विकला गेला. आता बाबा पर्यटकांची बस चालवतात. पावसाळा संपला की मुरगाव बंदरात मोठी प्रवासी जहाजे येऊ लागतात. त्यांतल्या लोकांना जुने गोवे, मंगेशी दाखवून संध्याकाळच्या आत पुन्हा जहाजाशी आणून सोडायचे, हे काम. त्या दिवशी बाबांचा मदतनीस आला नाही म्हणून मी गेलो. नंबराचा फलक धरायचा आणि माणसे मोजायची, एवढीच माझ्याकडे कामगिरी होती.

आम्ही पहाटे चारला घर सोडले आणि सहाच्या सुमारास पास दाखवून बंदरात शिरलो. जहाज धक्क्याला लागतानाच दिसले. एवढे धूड आपल्या कप्तानाच्या एकट्याच्या भरवशावर आत येत नाही. बंदराचा पायलट (विमानाचा नव्हे) छोट्या लाँचने समुद्रात जाऊन त्यावर चढतो. चालत्या जहाजाच्या बाजूला दोरीची शिडी सोडलेली असते, तिच्यावरून. पाण्यापासून दार नऊ मीटरहून उंच असेल तर नुसत्या दोरीच्या शिडीने चढायला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मनाई आहे. तिच्या जोडीला वरून तिरकी जिन्यासारखी शिडी लावावी लागते. म्हणजे दोन हजार प्रवासी आरामात नाश्ता करीत असतात तेव्हा जहाजावर चढणारा पहिला मनुष्य दोरीला लोंबकळत चढलेला असतो! मग टगबोटी जहाजाला हळूहळू ढकलतात, पुढून, मागून आणि मधून जाड दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यांना पडतात, आणि जहाज स्थिर होते.

स्थिर म्हणजे आडवे हलत नाही इतकेच. वरखाली ते होतच असते. मुरगावला मोठ्या भरतीच्या दिवसांत पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते. सकाळी धक्क्याच्या बरोबरीला असलेले दार दुपारी तितकेच खाली किंवा वर गेलेले असते. म्हणून जहाजाचा पूल, ज्याला सगळे गँगवे म्हणतात, दोन्ही टोकांना पक्का बांधत नाहीत. त्याचे जहाजाकडचे टोक अडकवलेले असते आणि धक्क्याकडच्या टोकाला चाके असतात. पाणी चढले की चाके सरकतात, पूल उभट होतो. फार उभट झाला तर दुसऱ्या मजल्यावरचे दार उघडून पूल तिथे लावतात. फेरीबोटीच्या फळीचेही तत्त्व हेच, फक्त तिथे बोट पुढेमागे घेऊन काम भागते.

पूल लागला म्हणजे माणसे उतरली असे नाही. जहाज परदेशातून आलेले असेल तर आधी आरोग्य खाते, मग कस्टम आणि इमिग्रेशन यांची परवानगी हवी. आरोग्याचा परवाना मिळेपर्यंत डोलकाठीवर पिवळा बावटा लावण्याची जुनी रीत आहे. आम्ही साडेसहापासून वाट पाहत होतो. पहिला प्रवासी पुलावर दिसला तेव्हा पावणेदहा वाजले होते. ज्या एजंटाने बस ठरवली होती त्याने या थांबण्याचे पैसे दिले नाहीत, आणि तीन तास गेले ते आमच्या फेरीतून गेले. मंगेशी रद्द. "जहाज कधी येणार ते कागदावर असते रे," बाबा म्हणाले, "माणूस कधी खाली येणार ते नसते."

त्या तीन तासांत मला आजीची आठवण झाली. आजीचे माहेर पेडणे तालुक्यातले. तिचे मामा मुंबईला गिरगावात राहत, आणि १९७०च्या सुमारास ती वेंगुर्ल्याहून कोकण बोटीने त्यांच्याकडे जात असे. वेंगुर्ल्याला आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंना पडावात बसवून तिच्यापर्यंत वल्हवत नेत. खरी गंमत (आजीच्या भाषेत 'जिवाचे पाणी') पडाव आगबोटीला भिडल्यावर. दोन्ही हलताहेत, पण एका तालात नाही. खलाशी काखेत हात घालून माणसाला धरून ठेवी. पडाव लाटेच्या माथ्यावर आला की "हां!" म्हणून वरचा ओढी, खालचा ढकली. लाट खाली गेल्यावर पाय उचलला तर पाय मध्ये सापडायचा. ट्रंका, फणस, कोंबड्या याच मार्गाने. पणजीला मात्र आगबोट थेट मांडवीतल्या धक्क्याला लागे. पावसाळ्यात हा सगळा व्यवहार बंद असे; १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो कायमचाच थांबला.

आणि मला वाटत होते, हे जुन्या काळचे! आजही जिथे बंदर उथळ असते तिथे प्रचंड प्रवासी जहाजे अगदी हेच करतात. जहाज बाहेर नांगरते, त्याच्याच मोठ्या जीवनौका खाली सोडतात आणि शंभर-सव्वाशे माणसांना एकेका खेपेला किनाऱ्यावर नेतात. पायाखाली तरंगता फलाट असतो एवढाच फरक. पाऊल केव्हा टाकायचे हे अजून दोन खलाशीच सांगतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. लाटा मोठ्या असल्या तर कप्तान ते बंदर सोडून देतो. (जाता जाता: आपण 'बोट लागली' म्हणतो ते माणसाला, मळमळ सुटली या अर्थी. गदगच्या मित्राला वाटले, धक्क्याला लागली.)

आता मोजण्याकडे येतो. प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड दिलेले असते. दारात ते यंत्राला दाखवले की पडद्यावर त्याचा फोटो येतो आणि नाव 'बाहेर' या रकान्यात पडते. परतताना तेच उलट. आपल्या जमाखर्चासारखेच हे. संध्याकाळी ताळा जुळला नाही तर नेमके कोण राहिले ते नावानिशी कळते. जहाज कोणासाठी सहसा थांबत नाही. उशीर झालेल्याचा पासपोर्ट खोलीतून काढून धक्क्यावर एजंटापाशी ठेवण्याची पद्धत आहे.

हे मला समजले ते असे. सकाळी मी बसमध्ये अडतीस माणसे मोजली. बॉम जीझसच्या चर्चपासून निघताना मोजली तर छत्तीस. एक वृद्ध जोडपे नव्हते. मी चर्चमध्ये दोनदा जाऊन आलो, बाबा बाजारात धावले. सर्वांनी साडेचारच्या आत जहाजावर पोचायचे होते, आणि घड्याळात तीन वाजून पाच मिनिटे झाली होती. बसमधले लोक आमच्याकडे पाहू लागले. शेवटी बाबांनी छत्तीसांना घेऊन बस सोडली. जुवारी पूल ओलांडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत; हंगामाचे काम या एका गोष्टीवर जाऊ शकते हे मला न सांगता कळत होते. धक्क्यावर पोचल्यावर बाबांनी पुलापाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला खोलीचा नंबर दाखवला. त्याने यंत्रात पाहिले आणि हसला. दोघेही वीस मिनिटांपूर्वीच 'आत' होते. दुसऱ्या बसमध्ये चुकून बसून आले होते!

मोजणीची ही काळजी उगाच आलेली नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली. आणि बोटीवर एकूण माणसे किती होती याचे आकडे आजही निरनिराळे सापडतात. निघण्यापूर्वी प्रत्येक माणूस मोजलाच पाहिजे असा नियम आता जगभर आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, ३२ जण मेले. त्यांतले काही प्रवासी त्याच संध्याकाळी चढलेले, त्यांना संकटात कुठे जमायचे हे अजून दाखवलेलेही नव्हते. १ जानेवारी २०१५ पासून ती कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच करावी लागते. पूर्वी चोवीस तासांची मुभा होती.

उलट प्रकारही मुरगावनेच पाहिला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून दोन हजारांच्या आसपास माणसे घेऊन आलेल्या 'कॉर्डेलिया'वर ६६ जणांना करोना निघाला. समोर गोवा, आणि उतरण्याची परवानगी नाही! जहाज अखेर मुंबईला परतले.

आमचे जहाज मात्र वेळेवर सुटले. पायलटला घेऊनच ते गेले. बाहेर खोल पाण्यात पोचल्यावर तो पुन्हा दोरीच्या शिडीने लाँचवर उतरतो. ते मला पाहायला मिळाले नाही, कारण तोवर आम्ही पणजीच्या वाटेला लागलो होतो. पर्वरीच्या पुढे बाबांनी चहासाठी बस थांबवली आणि उतरण्यापूर्वी सवयीने मागे वळून रिकाम्या बाकांवरून एकदा नजर फिरवली.