रंगापूर्वी भिंतीची परीक्षा आवश्यक

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकामाची लगबग सुरू होते. मात्र हजारो रुपये खर्चून दिलेल्या रंगाला वर्षभरातच पोपडे धरतात, तेव्हा रंगाऱ्याला बोल लावला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा रंगाखालच्या भिंतीत असतो.

पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडू पाहते आणि वरचा रंगाचा थर उचलला जातो. ही ओल ओळखण्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतील बाजूस थेंब जमल्यास ओल भिंतीतच आहे, असे समजावे. अशा वेळी आधी गळती बंद करावी, भिंत वाळू द्यावी आणि मगच रंगाचा विचार करावा. नव्या गिलाव्यालाही किमान महिनाभराचा अवधी द्यावा.

जुन्या चुन्यावर किंवा भुकटी सुटणाऱ्या डिस्टेंपरवर नवा रंग टिकत नाही. हात फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल, तर भिंत खरवडून घेणे अपरिहार्य ठरते. त्यानंतर भेगा व खड्डे पुट्टीने भरून, पॉलिश पेपरने घासून, धूळ पुसून प्रायमर लावावा. प्रायमरमुळे भिंत रंग अधाशीपणे शोषत नाही. पहिला हात पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये.

रंगाचा अंदाज घेणेही सोपे आहे. दहा बाय बाराच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. त्यातून दारे-खिडक्यांचे क्षेत्र वजा करावे आणि डब्यावरील प्रतिलिटर क्षेत्राने भागावे.

सर्वाधिक दक्षता घ्यावी ती जुन्या तैलरंगाबाबत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासल्यास उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक ठरते. म्हणून असा पृष्ठभाग ओला करूनच घासावा, मुले व गर्भवती स्त्रियांना तेथून दूर ठेवावे आणि धूळ झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.