धूम्रपानमुक्ती : उपायांची कसोटी

विडी-सिगारेट सोडण्याचा संकल्प अनेकजण करतात. परंतु तो टिकविणे कठीण जाते. याचे कारण केवळ दुबळे मनोबल नव्हे. निकोटिनची सवय जडलेल्या शरीराला ते अचानक मिळेनासे झाले की चिडचिड, अस्वस्थता व निद्रानाश सुरू होतो. निकोटिनयुक्त च्युइंगम किंवा त्वचेवर लावावयाची पट्टी धुराविना अल्प निकोटिन पुरवून हा त्रास सुसह्य करते.

परंतु उपायाची उपयुक्तता ठरवावयाची कशी? इच्छुकांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडतात. एका गटास औषध, तर दुसऱ्यास तसेच दिसणारे निकोटिनविरहित च्युइंगम दिले जाते. किमान सहा महिन्यांनी चौकशी होते. केवळ तोंडी उत्तरावर न विसंबता अनेकदा श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजतात. ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही, त्यांची गणना धूम्रपान करणाऱ्यांतच होते.

अशा चाचण्यांच्या २०१८ सालच्या एकत्रित आढाव्यानुसार या औषधांमुळे यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. दूरध्वनीवरून वारंवार केलेले समुपदेशनही साहाय्यक ठरते. तथापि, उपचार घेऊनही बहुसंख्य व्यक्तींना एकाच प्रयत्नात यश लाभत नाही, हेही ध्यानी ठेवले पाहिजे.

केंद्र शासनाने २०१६ साली अशा समुपदेशनासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक सुरू केला. हात पुन्हा विडीकडे गेला, म्हणून सारा प्रयत्न वाया गेला असे मानू नये. दूरध्वनी पुन्हा करावा.