मोबाईल फोन आणि नागरिकाचा ठावठिकाणा

मोबाईल फोन हे आता केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. महाराष्ट्रात २०२१ साली सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र घेतो व त्यासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. येथे ठावठिकाणा देण्याचा हेतू स्पष्ट असतो आणि त्याचा लाभ शेतकऱ्यालाच होतो. परंतु तोच फोन मालकाच्या नकळत दिवसभर त्याचा ठावठिकाणा इतरत्र कळवीत राहिला, तर प्रश्नाचे स्वरूप पालटते.

ठावठिकाणा कळतो कसा?

आकाशातील उपग्रह आपल्यावर पाळत ठेवतो, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. उपग्रह केवळ संदेश प्रक्षेपित करतो. किमान चार उपग्रहांचे संदेश ग्रहण करून फोन स्वतःच आपली जागा गणिताने ठरवितो. जवळपासची वाय-फाय यंत्रे व मोबाईल मनोरे यांचीही त्यास मदत होते. म्हणूनच इमारतीच्या आतही फोनला आपली जागा बऱ्यापैकी कळते. ही माहिती फोनबाहेर जाते ती मुख्यतः त्यातील ॲप ती इंटरनेटवरून पाठवितात तेव्हा.

अशा नोंदी साठत गेल्या की त्यातून माणसाचे जीवनच उलगडते. फोन रात्री जेथे असतो ते घर, दिवसा जेथे असतो ते कामाचे ठिकाण. रुग्णालय, न्यायालय, प्रार्थनास्थळ, राजकीय सभा, यांपैकी कोठे कोण गेले हेही त्यातून दिसते. नोंदीत नाव नसले तरी व्यक्ती ओळखता येते.

एक कळ बंद, दुसरी चालू

या प्रश्नाचे मर्म गुगल कंपनीच्या प्रकरणातून स्पष्ट झाले. ग्राहकाने ‘लोकेशन हिस्ट्री’ ही सोय बंद केली तरीही त्याच्या ठावठिकाण्याच्या काही नोंदी ठेवल्या जातात, असे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये उघडकीस आणले. ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ या वेगळ्या नावाची सोय मुळातच चालू ठेवलेली होती व तिच्या द्वारे या नोंदी होत होत्या. अमेरिकेतील चाळीस राज्यांनी चौकशी केल्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ही चौकशी पूर्वीच बदललेल्या जुन्या धोरणांवर आधारित होती, असे कंपनीचे म्हणणे होते.

बहुसंख्य लोक फोन जसा हाती येतो तसाच वापरतात. त्यामुळे एखादी सोय आधीच चालू ठेवणे म्हणजे व्यवहारतः ग्राहकाच्या वतीने निर्णय घेणेच होय. मौनाला संमती मानावे काय, हा येथील खरा प्रश्न आहे.

कायद्याची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. जामिनावर सुटलेल्या आरोपीने गुगल नकाशावरील आपली जागा तपास अधिकाऱ्यास दाखवीत राहावे, अशी अट घालता येणार नाही, असेही याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. आरोपीसही जे संरक्षण आहे, ते सामान्य नागरिकास असलेच पाहिजे.

संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण व निःसंदिग्ध असावी आणि ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी, असे हा अधिनियम सांगतो. संमतीची विनंती मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांतून वाचता यावी आणि संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सुलभ असावे, अशीही त्यात तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व संमतीविषयक तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

नागरिकांनी काय करावे?

फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपला ठावठिकाणा पाहण्याची परवानगी आहे, हे पाहता येते. नकाशाच्या ॲपला ती लागते. विजेरी वा खेळाच्या ॲपला तिची गरज नसते. जेथे गरज आहे तेथे ‘ॲप वापरत असताना’ एवढीच परवानगी पुरेशी होते. पुष्कळदा नेमक्या जागेऐवजी अंदाजे जागा देऊनही काम भागते. मात्र सोय बंद केल्याने पूर्वीच्या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत. त्या खात्यात जाऊन वेगळ्या काढाव्या लागतात. तसेच फोन चालू असेतोपर्यंत तो कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत आहे, हे सेवा देणाऱ्या कंपनीस कळतच असते.

शिक्षकांनी ही माहिती वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत सांगितल्यास ती घरोघरी पोहोचेल. नागरिकांचा ठावठिकाणा घेणाऱ्या कार्यालयांनीही तो कशासाठी व किती काळासाठी हवा, हे आधी सांगणे अगत्याचे आहे. ठावठिकाणा देणे वा न देणे हा निर्णय ज्याचा त्याने, समजून-उमजून घ्यावयाचा आहे.