स्वादुपिंडाविना जीवन आणि स्वयंचलित यंत्र

नागपूर-अमरावती महामार्गावरील वाडी हे मालवाहतुकीचे व गोदामांचे ठिकाण होय. येथील अनेकांच्या जेवणाच्या वेळा रोज बदलतात. निरोगी माणसाला ही ओढाताण सोसते, कारण जठरामागील स्वादुपिंड रक्तातील साखरेवर अहोरात्र पहारा करीत असते. परंतु कर्करोगामुळे अथवा जुनाट दाहामुळे हे इंद्रिय संपूर्ण काढावे लागल्यास तो पहारा त्याच दिवशी उठतो.

स्वादुपिंड काढल्याने मधुमेह होतो, हे १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्यावरील प्रयोगाने दाखविले. पुढे १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या संशोधनातून इन्सुलिन हाती आले.

इन्सुलिन साखर उतरविते. ग्लुकागॉन हे दुसरे संप्रेरक यकृतातील साठा मोकळा करून ती चढविते. शस्त्रक्रियेनंतर दोन्ही नाहीशी होतात. त्यामुळे इन्सुलिन टोचल्यावर जेवण लांबले, तर साखर झपाट्याने उतरून जीव धोक्यात येतो. झोपेत हा धोका अधिक.

स्वयंचलित यंत्राचे तीन भाग असतात. त्वचेखालील संवेदक दर काही मिनिटांनी साखर मोजतो, गणकयंत्र मात्रा ठरविते आणि पंप औषध सोडतो. बहुतेक यंत्रे केवळ इन्सुलिन देतात. नेदरलँडमधील रॉबिन कूप्स या स्वतः मधुमेही असलेल्या तंत्रज्ञाने मात्र दोन्ही संप्रेरके देणारे यंत्र तयार केले. स्वादुपिंड संपूर्ण काढलेल्या मोजक्या रुग्णांवर ते वापरण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साखर योग्य मर्यादेत राहण्याचा काळ सुमारे ५७ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेला.

तथापि अशी यंत्रे महाग आहेत. शिवाय ती पाचकरस देत नाहीत. त्यासाठी जेवणासोबत वेगळ्या गोळ्या घ्याव्याच लागतात. म्हणून बहुसंख्य रुग्णांची भिस्त आजही सुईवर व भोवतालच्या माणसांवर आहे.

इन्सुलिन उष्णतेने निकामी होते आणि नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो. शीतकपाट नसलेल्या घरी ओल्या मातीच्या मडक्याचा गारवा उपयोगी पडतो. डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापिलेली नागपूरची ड्रीम ट्रस्ट ही संस्था गरीब मधुमेही मुलांना इन्सुलिन पुरविते.

शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे ध्यानी ठेवावे : मधुमेही व्यक्तीला दरदरून घाम, थरथर अथवा भ्रम झाल्यास ती नशेत आहे असे समजू नये. शुद्धीवर असल्यास तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तिला कुशीवर वळवावे व तात्काळ रुग्णालयात न्यावे. यंत्र घरोघरी पोहोचेपर्यंत हा पहारा आपणच करावयाचा आहे.