आयटी हेल्पडेस्कची मुलाखत : आपल्या मुलामुलींनी तयारी कशी करावी?



उसाची नोंद द्यायला किंवा बिलाची चौकशी करायला गट ऑफिसात आलेले सभासद हल्ली काम झाले तरी जरा रेंगाळतात आणि हळूच विचारतात, “आमच्या पोराला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलंय. हेल्पडेस्क का काय म्हणतात. ते काय असतं हो? आणि मुलाखतीत विचारतात तरी काय?” कुणाची मुलगी बी. एस्सी. झालेली असते, कुणाचा मुलगा डिप्लोमा करून दोन वर्षे घरी असतो. वाटण्या होऊन दीड-दोन एकरांवर आलेल्या उसात एका कुटुंबाचे भागत नाही, हे काही आपल्याला सांगायला नको. म्हणून या अंकात या एका नोकरीविषयी सविस्तर लिहीत आहोत.

आधी काम समजून घेऊ. मोठ्या कंपनीत, बँकेत, इस्पितळात शेकडो माणसे संगणकावर काम करीत असतात. कुणाचा पासवर्ड चालत नाही, कुणाचा प्रिंटर कागद ओढत नाही, कुणाला ईमेल उघडत नाही. अशा वेळी ज्यांना फोन करायचा, ते हेल्पडेस्क. फोन आला की तक्रारीची नोंद होते व तिला नंबर पडतो. त्याला ‘तिकीट’ म्हणतात. आपल्याकडे उसाची नोंद झाली की तोडीची पाळी लागते, तसेच हे. पण पाळी म्हणजे पाळीच, असेही नाही. एखाद्याच्या फडात जळीत झाले तर तो ऊस पाळी मोडून आधी तोडावा लागतो, कारण दिवसागणिक वजनही घटते आणि उताराही. हेल्पडेस्कवर हाच न्याय आहे. एका साहेबाचा माउस बिघडला आणि त्याच वेळी बिले करणारा सगळा विभाग बंद पडला, तर आधी कोणाकडे बघायचे? किती माणसांचे काम अडले आहे, आणि थांबले तर किती नुकसान आहे, या दोन गोष्टींवर तिकिटाचा अग्रक्रम ठरतो. मुलाखतीत हा प्रश्न वरचेवर येतो. ज्या पोराने जळिताची धावपळ डोळ्यांनी पाहिली आहे, त्याला याचे उत्तर पाठ करायची गरज पडू नये.

पण नेमके इथेच घोडे अडते. मुले पाठ करून जातात. शंभर प्रश्नोत्तरांची यादी मोबाईलवर मिळते, ती घोकतात आणि मुलाखत घेणाऱ्याने प्रश्न जरा फिरवला की गप्प होतात. आमचे स्पष्ट मत असे आहे की ही मुलाखत माहितीची कमी आणि विचारपूस करण्याच्या पद्धतीची जास्त असते. पलीकडच्याला बघायचे असते की हा मुलगा प्रश्न कोणत्या क्रमाने विचारतो.

आता विहिरीवरची मोटार चालेना म्हणून निरोप आला, तर आपण लगेच मोटार वर काढतो का? नाही. आधी विचारतो : लाईट आहे का? तिन्ही फेज आहेत का? शेजारच्याची चालू आहे का? फ्यूज बघितला का? स्टार्टर ओढतोय का? मोटार फिरते पण पाणी येत नाही, की फिरतच नाही? एवढे झाल्यावर मग मिस्त्री. सोप्याकडून अवघडाकडे, आणि बिनखर्चाच्या गोष्टीकडून खर्चाच्या गोष्टीकडे. हेल्पडेस्कची सगळी विद्या या क्रमात आहे.

मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न घ्या : “एका कर्मचाऱ्याचा फोन आलाय, इंटरनेट चालत नाही म्हणतो. काय कराल?” पुष्कळ मुले झटकन सांगतात, “सर, राउटर बंद करून चालू करीन.” म्हणजे एकाच्या तक्रारीसाठी साऱ्या ऑफिसचे इंटरनेट बंद! त्याऐवजी आधी विचारावे : तुमचे एकट्याचेच बंद आहे की शेजारच्यांचेही? कधीपासून? त्याआधी काही बदल केला होता का? पडद्यावर काय लिहून आले आहे, ते जसेच्या तसे वाचून दाखवता का? मग केबल किंवा वायफाय जोडलेले आहे का ते बघावे. त्यानंतर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन संगणकाचा पत्ता पाहावा.

हा पत्ता म्हणजे काय, तेही मुलाला आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता लागतो. तो वाटून देणारी व्यवस्था म्हणजे डीएचसीपी. विंडोजच्या संगणकावर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावे की वाटणाऱ्याकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने आपला आपणच एक तात्पुरता पत्ता धरला आहे. उलट पत्ता ठीक आहे, बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला ‘पिंग’ केले तर उत्तरही येते, पण नाव टाकून कुठलेच पान उघडत नाही, तर बहुधा दोष डीएनएसचा. डीएनएस म्हणजे नावावरून आकडी पत्ता काढून देणारी वही. एवढे जो समजून सांगेल, त्याला पुढचे सोपे जाते. आणि हे करून सुटले नाही तर काय केले, काय दिसले ते तिकिटावर नीट लिहून वरच्या फळीकडे पाठवावे. पहिल्या फळीला एल-वन, वरच्या फळीला एल-टू म्हणतात. “मला येत नाही, पण इथपर्यंत तपासले आहे आणि पुढे कुणाकडे द्यायचे ते मला माहीत आहे,” हे उत्तर मुलाखतीत चालते. थाप मारलेली चालत नाही. दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.

हे काम किरकोळ आहे, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. विमाने अडकली, आपल्या देशातही काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती तशी छोटी होती. संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा आणि एक फाईल काढून टाकायची. पण बंद पडलेल्या संगणकापर्यंत दुरून पोचता येत नव्हते, म्हणून असंख्य ठिकाणी हे काम एकेका यंत्रापाशी हाताने करावे लागले. जिथे डिस्कला बिटलॉकरचे कुलूप होते तिथे ४८ आकडी किल्लीही घालावी लागली. पलीकडे घाबरलेला माणूस, आणि त्याला शांतपणे एकेक आकडा सांगायचा! मुलाखतीत “रागावलेल्या माणसाशी कसे बोलाल?” असे विचारतात ते उगाच नव्हे. त्याचे पुरते ऐकून घ्यावे, मध्ये तोडू नये, आणि किती वेळ लागेल ते खरे सांगावे.

दुसरी गोष्ट पासवर्डची. “साहेबांचा फोन आहे, घाईत आहेत, पासवर्ड बदलून मागतात. द्याल का?” इथे मुले आदबीपोटी फसतात आणि ‘हो’ म्हणतात. उत्तर ‘नाही’ असे आहे. कंपनीने ठरवलेल्या रीतीने आधी ओळख पटवायची, मग द्यायचा. समोर कितीही मोठा माणूस असो. २०२५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानदार कंपनीत चोर शिरले ते दुसऱ्याचे सोंग घेऊनच. कित्येक आठवडे ऑनलाईन विक्री बंद राहिली आणि नफ्याला सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले. आपल्या वजनकाट्यावर ओळखीचा असला तरी पावतीशिवाय गाडी सोडत नाहीत ना? तसेच समजा.

तयारीला क्लासची हजारो रुपये फी भरलीच पाहिजे असे नाही. एमएस-सीआयटी २००१ पासून आपल्या गावोगाव आहे, पण ती संगणक वापरण्याची परीक्षा. या नोकरीला तेवढ्यावर भागत नाही. घरातला जुना संगणक पोराच्या ताब्यात द्या, उघडू द्या, विंडोज पुन्हा घालू द्या. व्हर्च्युअल बॉक्स हा फुकटचा प्रोग्राम घेतला तर एका संगणकाच्या पोटात दुसरा लटका संगणक चालवता येतो. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हर १८० दिवस तपासणीसाठी मोफत वापरू देते. त्यावर नवी खाती उघडणे, पासवर्ड बदलणे, कुणाला कोणती फाईल दिसावी ते ठरवणे, हे सगळे घरी करता येते. कॉम्पटिया संस्थेच्या ए प्लस परीक्षेचा अभ्यासक्रम प्रोफेसर मेसर नावाने मोफत व्हिडिओत मिळतो; परीक्षा नाही दिली तरी अभ्यास फुकट जात नाही. आणि गावातल्या सोसायटीचा, शाळेचा, दवाखान्याचा प्रिंटर अडला की पोराला पाठवा. काय बिघडले होते, काय तपासले, कशाने सुटले, हे त्याने वहीत तारखेसह लिहावे. अशा वीस नोंदी असतील तर “अनुभव काय?” या प्रश्नाला घाबरायचे कारण नाही.

इंग्रजीची भीती सर्वांना असते. लांब वाक्यांच्या नादी लागू नये. घरच्या माणसाला किंवा मित्राला फोनवर बसवावे, त्याने तक्रार सांगावी आणि पोरीने लहान-लहान इंग्रजी वाक्यांत सोडवावी. रोज अर्धा तास, महिनाभर. तोंडाला वळण लागते. “स्वतःबद्दल सांगा” म्हटल्यावर शेतीचे नाव काढायला लाजू नये. ठिबकचा टायमर मी बसवला, ऊस बिलाचा हिशोब मी ठेवते, हे सांगण्यासारखेच आहे. मुलाखत व्हिडिओवर असेल तर त्या दिवशी तालुक्याला नातेवाइकाकडे जाऊन बसावे. भारनियमनाचे कारण पलीकडच्याला कळत नाही.

आता पैशाचे. नोकरी लावतो म्हणून डिपॉझिट मागणारे एजंट सध्या पहिल्या उचलीच्या सुमारास बरोबर हजर होतात. खरी कंपनी मुलाखतीसाठी किंवा नेमणुकीसाठी पैसे मागत नाही. मागितले की उठून यावे, आणि दिले गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. याहून वाईट म्हणजे काही ‘सपोर्ट’च्या नोकऱ्या हाच मुळी गुन्हा असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुले आपण अमेरिकेच्या कर खात्याची माणसे असल्याची बतावणी करून तिकडच्या लोकांना लुबाडत होती. शेकडो जणांना पोलिसांनी ताब्यात घेतले. तुमच्या संगणकात व्हायरस आहे असे सांगून परदेशी म्हाताऱ्यांकडून पैसे काढणारी केंद्रेही पुढे सीबीआयने उघडकीस आणली. म्हणून कंपनी कोणाचे काम करते, पगार बँकेत येतो का, नेमणूक-पत्र कोणत्या नावाने आहे, हे वडीलधाऱ्यांनी स्वतः बघावे.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. आज जिथे मुले मुलाखतीला जातात त्या हिंजवडीच्या माळावर आधी साखर कारखाना निघणार होता, असे शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून सांगितले आहे. कारखाना दुसरीकडे गेला आणि तिथे आयटी पार्क झाले.

मुलाखत संपताना विचारतात, “तुम्हाला काही विचारायचे आहे का?” ‘नाही’ म्हणू नये. पाळ्या कशा आहेत ते विचारावे. अमेरिकेचे काम असेल तर न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते, म्हणजे रात्रपाळी आलीच. मुलीला रात्रपाळी द्यायची तर तिची संमती लागते आणि जाण्यायेण्याची सुरक्षित सोय कंपनीने करायची असते, तेव्हा गाडी दारापर्यंत सोडते का, हे तिने बिनधास्त विचारावे. शिकाऊ काळ किती महिन्यांचा, बाँड लिहून घेता का आणि मूळ दाखले ठेवून घेता का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. मूळ दाखले कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी.