टेबलाचे पॉलिश आणि वडिलांची शाई

वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांचे सागवानी टेबल माळ्यावरून खाली काढले, तेव्हा त्यावर चहाच्या कपांची पांढरी वर्तुळे होती आणि कडेकडेने शाईचे डाग. मे महिन्याची सुटी, सुतारकामाची नवी हौस. ८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. एक कोपरा स्वच्छ झाला आणि लक्षात आले, की शाईही गेली.

मागच्या गल्लीतल्या वयस्क पॉलिशवाल्या काकांना बोलावले. मराठीत सुरू झालेले बोलणे त्यांनी कन्नडमध्ये संपवले, "सर, अवसर माडब्याड्री." घाई करू नका. मग स्पिरिटचा बोळा टेबलाच्या खालच्या अंगाला टेकवला. पॉलिश चिकट झाले. म्हणजे ते लाखेचे. घासायची गरजच नव्हती! लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे नवा हात जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. (मेलामाइन किंवा पीयूचे तसे नाही.) कपांची वर्तुळे म्हणजे थरात शिरलेला ओलावा, तीही बहुधा स्पिरिटच्या हलक्या हाताने जातात.

ही लाख, कन्नडमधला 'अरगु', झाडांच्या फांद्यांवर किडे तयार करतात. चन्नपट्टणच्या खेळण्यांवर ती लेथच्या घर्षणाने तापून वितळते. आपण ती स्पिरिटने पातळ करतो, एवढाच फरक. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावी आणि गाळून घ्यावी. जवळ विस्तव किंवा उदबत्ती नको, खिडक्या उघड्या हव्यात.

खरी कसोटी पुरचुंडीची. सुती कापडात कापूस बांधायचा, तळाला तेलाचा एखादा थेंब लावायचा आणि हात गोल फिरवत राहायचा. थांबलात, की ती चिकटते आणि खालचा थर उचलून आणते. मी दोनदा थांबलो, एकदा तर फोनसाठी. काका काही बोलले नाहीत, फक्त पुरचुंडी स्वतःकडे घेतली.

तरी शेवटचा हात मी हट्टाने जूनच्या पावसात दिलाच. सकाळी टेबलावर दुधाळ साय! दमट हवेत लाखेचा थर असा पांढरा पडतो. आपल्या बेळगावच्या पावसात हे काम काढूच नये. पुढचा हात दिवाळीनंतर, कोरड्या हवेत दिला.

उरलेले डाग आता लाखेखाली स्पष्ट दिसतात. घासलेला कोपरा भिंतीकडे केला आहे.